दोन पुड्या आणि कडुलिंबाचं पाणी

या आजाराचं नाव आमच्याकडे बायका मोठ्यानं घेत नाहीत. ‘अंगावर जातंय’ एवढंच म्हणतात, तेही पदर तोंडाला लावून. मी तो सहा वर्षं काढला. त्यानं मी अंथरुणाला खिळले नाही, स्वयंपाक चुकला नाही, शेतातली खुरपणी चुकली नाही, त्यामुळे घरात कुणालाच तो आजार वाटला नाही. मलाही वाटला नाही. बचत गटाच्या ताईंनी गळ घातली म्हणून आता लिहिते आहे. बारावीपर्यंत वसमतला शिकलेली गटात मी एकटीच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आधीच सांगते, यात रडारड फारशी नाही. त्या वर्षांत मला राग यायचा नाही की रडू यायचं नाही. भाकरी थापायची, कपडे धुवायचे, झोपायचं. कुणी विचारलंच तर ‘बरं आहे’ म्हणायचं.

सुरुवात

आमचं गाव कुरुंद्याजवळ. तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यातच होता. माझी रेणू दीड वर्षाची झाली होती आणि अंगावरचं दूध नुकतंच तोडलं होतं. त्या दिवसांत पांढरं जाऊ लागलं. पुढे ते पिवळसर झालं, वास येऊ लागला आणि खाज सुटली. खाज कशी, तर चारचौघींत बसलं की डोळ्यांत पाणी यावं आणि वर हसून बोलावं लागावं. कमर तर दिवस मावळायच्या आतच गळून जायची.

मला सगळ्यात भीती वासाची होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसायची. कुणी म्हणालं, ‘आत ये की,’ तर रेणूचं निमित्त सांगायची. कपड्याच्या घड्या धुवून दोरीवर वाळत घालायच्या आणि वरून जुनी साडी पसरायची. त्या साडीखाली त्या कधी नीट वाळायच्याच नाहीत. पावसाळ्यात ओलसरच वापरायच्या. आज हे लिहितानाही वाटतं, ही दोरी कुणी वाचणारीनं ओळखली तर बरं होईल.

यांच्या लक्षात आलं ते आपोआपच. यांच्या म्हणजे माझ्या मालकांच्या. माणूस वाईट नाही. दारू नाही, मारझोड नाही, बोलणं कमी. एक दिवस स्वतःच म्हणाले की मी वसमतला जाऊन औषध आणतो. मला न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. असल्या गोष्टीसाठी बाईला एसटीत बसवून नेतात का? ते गेले, दवाखान्यात उभ्याउभ्या माझं दुखणं सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गोळ्या घेऊन आले. रुमालात बांधून आणल्या होत्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, जेवल्यावर, असं त्यांनी मला सांगितलं.

मी घेतल्या. दुसऱ्याच दिवशी तोंडाची चव गेली. पितळेचं भांडं चाटल्यासारखं लागायचं, पाणीसुद्धा. मग उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी हौदावर कपडे धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथंच बसले. सासूबाईंनी मला धरून घरात आणलं आणि उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. लै गरम दवा हाय, हिला सोसायची न्हाई, असं त्या म्हणाल्या. मला पटलं.

त्या दिवसापासून ‘मला इंग्रजी औषध सोसत नाही’ हे माझ्या नावाबरोबर सांगितलं जाऊ लागलं. पुढे ताप आला तरी मी डॉक्टरला आधी तेच सांगायची, एखादी पदवी मिळाल्यासारखं.

पाला

माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. चूल वेगळी, अंगण एक. अक्कानं मला कडुलिंबाचा पाला उकळून दिला. त्या पाण्यानं धुवायचं. तांदळाच्या धुवणात एक भुकटी घालून प्यायची, ती अक्का कुरुंद्याच्या बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणायची. तुरटीही वापरून पाहिली. तुरटीनं इतकी आग झाली की मी मोरीत भिंत धरून उभी राहिले.

पण पाल्याच्या पाण्यानं बरं वाटायचं, हे खोटं सांगणार नाही. कोमट पाण्यानं खाज थांबायची आणि झोप लागायची. चार-पाच दिवस जात, आणि सगळं परत सुरू व्हायचं. मग पुन्हा पाला. दोन वर्षांनी अक्कालाही तीच तकलीफ सुरू झाली. मग दोघींचं पाणी एकाच पातेल्यात उकळायला लागलं आणि आमचा छोटासा दवाखानाच झाला. गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या. पाला किती, पाणी किती, उकळी किती, मी तोऱ्यात सांगायची.

त्यातच मी एक शोध लावला. दरवर्षी हळदीच्या वेळी मला आराम पडायचा. हळद काढून शिजवायची, मग पंधरा-वीस दिवस शेतात पसरून वाळवायची. तेवढे सगळे दिवस माणसं शेतातच मुक्कामाला असतात, कारण पसरलेली हळद सोडून येता येत नाही. शिजवणीच्या काहिलीजवळ विटाळशी बाई चालत नाही, हळदीचा रंग बसत नाही म्हणतात. मला तर रोजचंच जात होतं. सासूबाईंनी मला महिनाभर शेताकडे फिरकूच दिलं नाही. भाकऱ्या बांधून द्यायच्या आणि घरी राहायचं. त्या दिवसांत मी पाल्याच्या पाण्यात ओल्या हळदीचा तुकडा ठेचून टाकायची. आग कमी, खाज कमी, कमरेला आराम. मला वाटलं, ओल्या हळदीतच सगळा गुण आहे. गल्लीभर मी तेच सांगितलं.

पाडव्याच्या सुमाराला माणसं घरी यायची आणि माझं दुखणंही यायचं. ओली हळद संपली म्हणून असं होतंय, असा मी हिशेब लावला होता.

पिशवी

पाचव्या वर्षी अक्काची पिशवी काढली. मोठ्या शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात, तिशी उलटायच्या आत. आमच्या भागात तेव्हा ती काही मोठी बातमी नव्हती. दाढ काढावी तशी बायका पिशवी काढून यायच्या आणि ‘मोकळी झाले’ म्हणायच्या. अक्काला दोन मुलगे होते, तिला पुढचं काही नको होतं. तीही म्हणाली, मोकळी झाले. नंतर तिला बसल्या जागी घाम फुटायचा, हाडं दुखायची, पण ते ती पिशवीच्या खात्यावर टाकत नसे.

सहाव्या वर्षी माझं ओटीपोट दुखायला लागलं. अक्का मला त्याच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मशीन फिरवलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की पिशवीला सूज आहे, हे आज ना उद्या कॅन्सरकडे जाईल, काढून टाकलेली बरी. मुलं किती, असं त्यांनी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, एक पोरगी. ते म्हणाले, बघा मग, जीव महत्त्वाचा.

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं. मला काही झालं नाही. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. गच्चीवर वाळत घातलेली तूर सासूबाईंनी काढली असेल का, हा एकच विचार डोक्यात होता. माझं वय सव्वीस होतं. मला आणखी एक लेकरू हवं होतं, हे मी कुणाला बोलले नव्हते, पण हवं होतं. रेणूला लहानपणी घातलेली झबली मी कुणाला दिली नव्हती. तरी त्या खुर्चीवर बसून मी मान हलवून व्हय म्हणाले.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. मग दोन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, कुठल्याशा लांबच्या पाहुण्याची गोष्ट सांगू लागल्या. त्याला पोरगा नव्हता म्हणून त्यानं दुसरी केली होती. यांनी ते ऐकलं आणि उठून गेले. त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही. रात्री एवढंच म्हणाले की डॉक्टर म्हणतात तर करावं लागेल. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोप लागली होती असंही नाही.

ऑपरेशन लगेच झालं नाही ते माझ्या रक्तामुळे. तपासणीत रक्त फार कमी निघालं. आधी रक्त वाढवा, मग हळद निघाल्यावर या, असं त्यांनी सांगितलं. मला वाचवलं ते माझ्या अशक्तपणानं, असं आता गमतीनं म्हणते.

मंगळवार

रक्त वाढवायची इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात मिळत होती. तोवर हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता. दवाखान्याच्या पाटीवर परभणी खोडून वर नवं नाव रंगवलेलं होतं. दर मंगळवारी मी एकटीच बसनं जायची. रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं. खिडकीतल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं की मी गप्प, कारण मी यांचं नाव घेत नाही. मागं उभी असलेली आमच्या गावची म्हातारी पुढे वाकून खणखणीत आवाजात यांचं नाव सांगायची आणि सगळी रांग हसायची. त्या महिन्यात मी हसले ती तेवढीच.

तिसऱ्या मंगळवारी एक बाई डॉक्टर होत्या. नव्यानंच आल्या होत्या. रक्त कशासाठी वाढवायचंय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पिशवी काढायची आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“वय काय तुमचं? आणि तपासलं कुणी? आतून तपासलं का?”

आतून कुणी तपासलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही. त्यांनी तपासलं. दुखलं, लाज वाटली, पण त्या बोलत राहिल्या, आता हे करते, आता ते करते, असं सांगत. एका काचेवर थेंब घेतला आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. परत आल्या आणि मलाच घेऊन गेल्या. दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा लावायला सांगितला. मला नुसता उजेड दिसला. मग काहीतरी वळवळलं. बाई म्हणाल्या, हा जंतू आहे, गोळ्यांनी जातो, याचा कॅन्सरशी संबंध नाही. पोटाची सूजही त्यामुळेच असेल, आधी हा घालवू.

मी लगेच सांगितलं की मला गोळ्या सोसत नाहीत, पाल्याचा आणि हळदीचा गुण येतो. त्या हसल्या नाहीत. कधी गुण येतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हळदीच्या वक्ताला, दरसाल.

“तेव्हा मालक कुठं असतात?”

मी म्हणाले, शेतात. महिनाभर.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मलाही तेव्हा कळलं, पण हळूहळू, बधिर झालेल्या पायाला मुंग्या येतात तसं. हा आजार दोघांत फिरतो, असं त्यांनी सांगितलं. पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवत नाही. एकट्या बाईनं औषध घेतलं तर तो परत येणारच. पुढच्या मंगळवारी मालकांना घेऊन या, त्याशिवाय गोळ्या देणार नाही.

दोघांना बोलावलं तेव्हा

त्यांना आणणं सोपं नव्हतं. मला काय झालंय, मी कशाला येऊ, असं म्हणून त्यांनी दोन मंगळवार काढले. तिसऱ्या मंगळवारी मी सांगितलं की नाही आलात तर मी ऑपरेशनलाही जाणार नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे. एवढं मोठं वाक्य मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. ते आले. बाकावर बायकांच्या मधे, टोपी हातात धरून बसले होते.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या, तेवढे दिवस दूर राहायचं, जागरणाला गेलात तरी दारूचा थेंब नाही. हे मान खाली घालून ऐकत होते. मग, मी सांगितलेली हौदाची गोष्ट आठवून बाईंनी सहज विचारलं की सहा वर्षांपूर्वी दिल्या होत्या त्या गोळ्या कुणी कुणी घेतल्या. यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले,

“दोन पुड्या दिल्या व्हत्या. एक हिची, एक माही. मी दोनी एकात केल्या.”

बाईंनी विचारलं, आणि?

“हिला दिल्या सगळ्या. मला वाटलं, डबल खाल्ल्या तर लवकर बरी व्हईल. अन् मला काय झालं व्हतं का, मी काहून खाऊ?”

दोन्ही वाक्यं एका दमात आली. कुठलं खरं ते मी आजवर ठरवू शकले नाही. दोन्ही असतील. लाजेनं पुडी उघडली नसेल आणि मायेनं मला दिली असेल. हौदावर मी पडले ती औषध सोसत नाही म्हणून नव्हे. दोन माणसांचं औषध मी एकटी खात होते. मला राग यायला हवा होता. मी खिडकीबाहेर एसटीची वाट बघत होते, एवढंच आठवतं.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी गोळ्या घेतल्या. ताट वाढलं की त्यांच्या ताटाशेजारी गोळी ठेवायची आणि ती गिळेपर्यंत मी तिथंच उभी राहायची. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तोंड कडू पडलं, पितळ चाटल्यावानी लागून राहिलं. मी म्हणाले, मला माहीत हाय. ते खाली मान घालून जेवले. मला मात्र या वेळी माझ्या एकटीच्या वाट्याच्या गोळ्यांनी नुसती तोंडाची चव गेली, उलटी एकदाही झाली नाही.

दहा-बारा दिवसांत सगळं थांबलं. महिन्यानं पुन्हा काच तपासली, स्वच्छ. पोटाचं दुखणंही गेलं. हळद निघाली, वाळली, माणसं घरी आली आणि मला काहीच झालं नाही. ऑपरेशनला मी गेले नाही. पुढच्या वर्षाच्या आत मला दिवस राहिले.

पाल्याबद्दल

बायका मला विचारतात, मग झाडपाला खोटा का? मी खोटा म्हणत नाही. कोमट पाण्यानं खाज कमी होते, आणि त्या वर्षांत तेवढ्याच आधारावर मी दिवस काढले. पण तो जंतू पाल्यानं गेला नाही, आणि बरं वाटायचं म्हणून मी सहा वर्षं तपासायला गेले नाही. डॉक्टरबाईंनी आतून धुवायला तर सक्त मना केलं. तुरटीचं नावही काढू नका म्हणाल्या. प्रत्येक पांढरं जाणं हाच आजार असतो असंही नाही, ते तपासूनच कळतं. गोळी घेतली की नीट विचारून घ्या, कुणाची किती. नवऱ्याला बरोबर न्या. तो नाही म्हणाला तर पुन्हा म्हणा. आणि पिशवी काढा म्हटलं तर दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय मान हलवू नका.

इथंच लिहिणं संपवायचं असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट मी इतका वेळ लिहायची टाळली.

मला पाचवा महिना होता. अंगणात मी आणि अक्का हळदीचे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलेलं होतं, काच, जंतू, दोन पुड्या. ती ऐकून घ्यायची. त्या दिवशी हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं,

“माही बी काच तपासली असंल का गं त्यायनं?”

तिची कुणी तपासली नव्हती. तिच्या ऑपरेशनला मी सोबत गेले होते, मला माहीत होतं. मी न्हाई म्हणाले.

“भावजींना बोलावलं, तसं आमच्या माणसाला कोणी पुसलंच न्हाई,” ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, “मला सिस्टरनं गोळ्या दिल्या व्हत्या, तवा. तूच म्हनली व्हती, खाऊ नका अक्का, लै गरम ऱ्हातात.”

म्हटलं होतं. उपकेंद्राच्या सिस्टरनं तिला गोळ्या दिल्या होत्या आणि मी त्या तिच्या हातून घेऊन ठेवल्या होत्या. हौदाची गोष्ट सांगून तिला घाबरवलं होतं आणि पाल्याचं पातेलं चुलीवर चढवलं होतं. तिचा आजार तोच होता की दुसरा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी म्हणाले, व्हय अक्का, मीच म्हनले व्हते.

ती रडली नाही, बोलणंही सोडलं नाही. पोर झाली तेव्हा पहिलं पाणी तिनंच घातलं. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं की तुमचं लिहू का, की तुमाला वगळू. अक्का म्हणाली, लिही, माहं नाव टाकू नको. मी वही मिटली तर तिनं पुन्हा हाक मारली.

“तू मला नको म्हनली, ते बी लिही.”